खाणी आणि बायकांचे छोटे उद्योग

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त झालेले भाषण)



वर्धापनदिनाचे भाषण म्हटले की सरत्या वर्षाचे कौतुक करावे, पुढच्या वर्षाला शुभेच्छा द्याव्या आणि चहाच्या आधी खाली बसावे, अशी आपली सोयीची रीत आहे. या वेळी मात्र कार्यकारिणीने मला विषयच नेमून दिला. खाणी चालवणाऱ्या कंपन्या आसपासच्या गावांतल्या लहानसहान उद्योगांना काय मदत करतात, ते सांगा, असा हुकूम झाला. विषय ऐकून काही भगिनींना नवल वाटले असेल. खाण म्हणजे धूळ, सुरुंग आणि ट्रक. हळदीकुंकू, शिवणवर्ग आणि बालवाडी चालवणाऱ्या मंडळाचा तिच्याशी संबंध काय?

संबंध आहे, आणि तो फार दूरचा नाही. माझी नोकरी बँकेत झाली. शेवटची काही वर्षे रामटेकच्या बाजूला एका शाखेत गेली. बचत गटांची खाती माझ्या टेबलावर असत. खाणीच्या गावांतल्या बायका पासबुक घेऊन येत, बसत, बोलत. त्यांच्या बोलण्यातून आणि त्यांच्या खात्यांतल्या आकड्यांतून मला जे कळले, तेच मी आज आपल्यापुढे मांडणार आहे.

आपण नागपूरकर स्वतःला संत्र्यांच्या शहराचे म्हणवतो. पण हे शहर खाणींचेही आहे. काटोल रोडवर मॉइलचे मुख्य कार्यालय आहे. देशात मँगनीजचे खनिज काढणारी ही सर्वांत मोठी कंपनी. सिव्हिल लाइन्समध्ये कोल इस्टेट आहे, तिथून वेस्टर्न कोलफील्ड्स या कंपनीचा कारभार चालतो. नागपूर, चंद्रपूर, यवतमाळ आणि पलीकडे छिंदवाडा, बैतूल या जिल्ह्यांतल्या कोळशाच्या खाणी तिच्याकडे आहेत. म्हणजे खाणी गावात, आणि त्यांची तिजोरी व त्यांचे कागद आपल्या शेजारी. ही गोष्ट लक्षात ठेवा. शेवटी मला तिचा उपयोग करायचा आहे.

मँगनीजची कथा जुनी आहे. १८९६ साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट नावाची इंग्रजांची संस्था या भागात आली. पुढे तिचीच सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी झाली. १९६२ साली भारत सरकार आणि ही कंपनी यांच्या कराराने मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड स्थापन झाली. तीत ५१ टक्के भांडवल केंद्र सरकार, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांचे होते आणि ४९ टक्के जुन्या कंपनीचे. १९७७ साली तोही हिस्सा सरकारने विकत घेतला. तीच आजची मॉइल. आपल्या जिल्ह्यातल्या मनसर, कांद्री, बेलडोंगरी आणि गुमगाव, भंडारा जिल्ह्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्ग, आणि बालाघाटकडच्या भरवेली, उकवा, तिरोडी या तिच्या खाणी. डोंगरी बुजुर्गचे खनिज बॅटरीच्या सेलमध्ये वापरतात. वीज गेल्यावर आपण ज्या टॉर्चसाठी धडपडतो, तिच्या पोटात कदाचित तुमसर तालुक्याची माती असेल. बाकीचे बहुतेक मँगनीज पोलादाच्या कारखान्यात जाते.

या खाणींवर बायका पहिल्यापासून होत्या. दगड फोडणे, खनिज निवडणे, टोपल्यांतून वाहणे ही कामे त्यांचीच. जमिनीखाली काम करण्यास त्यांना १९३९ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंदी झाली. युद्धामुळे १९४३ मध्ये कोळशाच्या खाणींत ती उठवली गेली आणि १९४६ मध्ये पुन्हा आली. १९५२ च्या खाण कायद्याने ती कायम केली. २०१९ मध्ये तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामांपुरती ती शिथिल झाली. बंदीमागचा हेतू चांगला होता, कारण त्या काळी जमिनीखालची स्थिती भयंकर होती. पण पुढे जमिनीवरच्या कामांतही यंत्रे आली. टोपलीचे काम पट्ट्याने घेतले, निवडण्याचे काम यंत्राने घेतले. हातचा रोजगार गेला तो प्रथम बायकांचा. त्यांच्या सुना आणि नाती आज खाणीच्या फाटकाबाहेर शिवणयंत्र, चहाची टपरी, भाजीची टोपली किंवा शेळ्या घेऊन उभ्या आहेत. लहान उद्योगाला मदत हा शब्द ऐकला की मला याच बायका दिसतात.

आता ही मदत कोणत्या वाटांनी येते ते पाहू. माझ्या मते तीन वाटा आहेत.

पहिली वाट सामाजिक दायित्वाची. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाप्रमाणे ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपयांहून कमी नाही, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचे असतात. शाळा, दवाखाने, पाणी यांबरोबर उपजीविकेची साधने वाढवणे हेही त्या कामांच्या यादीत आहे. शिवणवर्ग, शेळीपालन, भाजीपाला, गटांना यंत्रे हे सारे या पैशातून होते. मॉइलने आपल्या खाणींभोवतीच्या गावांत बाएफच्या 'मित्र' या संस्थेमार्फत शेती, पाणी, जनावरे आणि बचत गट यांचे काम केले आहे. हा मार्ग मला शहाणपणाचा वाटतो, कारण शेळीचे आजार आणि गटाची भांडणे यांचे ज्ञान खाणीच्या इंजिनियरकडून आपण अपेक्षू नये.

दुसरी वाट जिल्हा खनिज प्रतिष्ठानची. २०१५ साली खनिज कायद्यात दुरुस्ती झाली आणि खाणीने बाधित झालेल्या जिल्ह्यांत हा न्यास आला. १२ जानेवारी २०१५ च्या आधी दिलेल्या पट्ट्यांवर सरकारला मिळणाऱ्या स्वामित्वधनाच्या ३० टक्के, आणि त्यानंतर लिलावाने दिलेल्या पट्ट्यांवर १० टक्के, एवढी रक्कम खाणवाल्याने या न्यासात स्वामित्वधनाशिवाय वेगळी भरायची. हा पैसा पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण, महिला व बालकल्याण, कौशल्यशिक्षण अशा गरजांना आधी लागावा, असा नियम आहे. त्यासाठी किमान ६० टक्के राखून ठेवले होते, ते २०२४ च्या सुधारित नियमांत ७० टक्के झाले. ही कंपनीची कृपा नव्हे. गावाची जमीन पोखरली, रस्ता फुटला, विहीर आटली, त्याची ही भरपाई आहे. तेव्हा गावाने ती हात जोडून मागू नये. ठराव करून मागावी.

तिसरी वाट खरेदीची. तिच्याविषयी मला जरा सविस्तर बोलायचे आहे, कारण माझ्या अनुभवात पहिल्या दोन वाटांवर फोटो फार निघतात आणि तिसऱ्या वाटेवर पोट भरते.

शिवणवर्गाचेच उदाहरण घ्या. आमच्या शाखेच्या हद्दीतल्या एका गावात बायकांना तीन महिने शिवण शिकवले. समारंभ झाला, प्रमाणपत्रे वाटली, प्रत्येकीला यंत्र मिळाले. सहा महिन्यांनी मी कर्जाच्या चौकशीला त्या गावात गेले, तेव्हा घरोघरी यंत्रांवर चादरी घातलेल्या होत्या. एका घरी त्यावर देव मांडले होते. बायका आळशी नव्हत्या. शिकवलेले विसरल्याही नव्हत्या. पण त्या गावात एकदम एवढ्या बायकांकडून कपडे शिवून घेणारे होते कोण? गावात आधीच दोन शिंपी होते आणि बाकीचे लोक तयार कपडे रामटेकच्या बाजारातून आणत. शिकवणाऱ्यांनी सर्व काही दिले होते, फक्त गिऱ्हाईक दिले नव्हते. संक्रांतीला आपण वाण लुटतो, त्यासारखी ती यंत्रे. घेणारीला आनंद होतो, देणारीला पुण्य लागते, आणि वाटी पुढे फडताळात राहते.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू पाहा. खाणीला स्वतःलाच किती वस्तू लागतात! कामगारांचे गणवेश, विश्रामगृहाच्या चादरी आणि पडदे, खनिजाचे नमुने भरण्याच्या कापडी पिशव्या, उपाहारगृहाला भाजी, पापड आणि मसाला, कार्यालयाला फाइली, आणि मातीच्या ढिगाऱ्यांवर लावायला हजारोंनी रोपे. यातले पुष्कळसे गावातल्या बायका करू शकतात. रोपवाटिका तर त्यांच्या हातची कला. मग शिकवण्याच्या आधी कंपनीने एवढेच विचारावे: आमच्या खरेदीच्या यादीतले काय काय या गावात होऊ शकेल? त्या यादीवरून शिक्षण ठरवावे. गिऱ्हाईक आधी आणि यंत्र मागून, हा क्रम ठेवला तर यंत्रावर देव मांडण्याची वेळ येत नाही.

कायदाही या बाजूने आहे, हे पुष्कळ भगिनींना ठाऊक नसेल. केंद्र सरकारने २०१२ साली सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून खरेदी करण्याचे धोरण जाहीर केले. मॉइल आणि वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कंपन्या असल्याने त्यांना ते लागू आहे. आधी वर्षाच्या खरेदीतला २० टक्के भाग लहान उद्योगांकडून घ्यायचा होता. २०१८ साली तो २५ टक्के झाला, आणि त्यातच अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी ४ टक्के आणि बायकांच्या मालकीच्या उद्योगांसाठी ३ टक्के राखले गेले. शंभर रुपयांच्या खरेदीतले तीन रुपये बायकांचे. ऐकायला थोडे वाटतात, पण ही खरेदी कोट्यवधी रुपयांची असते.

शिवाय दोन सवलती आहेत. लहान उद्योगाला निविदेचा अर्ज फुकट मिळतो आणि अनामत रक्कम भरावी लागत नाही. दुसरी सवलत भावाची. समजा, एखाद्या मोठ्या व्यापाऱ्याने सर्वांत कमी भाव शंभर रुपये भरला आणि आपल्या बायकांच्या गटाने एकशे बारा भरला. पंधरा टक्क्यांच्या आतला फरक असल्याने गटाला विचारले जाते की, शंभराला द्याल का? गट हो म्हणाला, तर मागणीचा निदान चौथा हिस्सा अशा लहान उद्योगांना मिळतो. व्यापारी भाव पाडून बायकांना बाहेर काढतो, ही तक्रार मी पुष्कळ ऐकली. तिच्यावर हा तोडगा आहे.

मग अडचण कुठे आहे? अडचण आहे कागदात आणि पैशाच्या वेळेत.

कागदाचे आधी सांगते. ही सवलत हवी असेल तर उद्यम नोंदणी लागते. १ जुलै २०२० पासून ती संगणकावर होते, आधार आणि पॅनवर होते, आणि तिला एक पैसाही लागत नाही. तरीही तिच्यासाठी दलालाला पैसे मोजून आलेल्या बायका मला भेटल्या आहेत. सरकारी खरेदी आता बहुतेक जेम नावाच्या सरकारी संगणकीय बाजारातून होते. तिथे मालाचे वर्णन लिहावे लागते, छायाचित्र द्यावे लागते, मागणी रोज पाहावी लागते. चौथी शिकलेली, उत्तम शिवणारी बाई इथे अडते. तिचे कौशल्य सुईत आहे, आणि तिला लोक विचारतात पासवर्ड.

आता पैशाची वेळ. इथे मी जरा हिशेब मांडते. बँकेतल्या बाईला हिशेबाशिवाय करमत नाही, म्हणून क्षमा करा.

समजा, गटाला तीनशे गणवेशांची मागणी मिळाली. एकाचा भाव चारशे रुपये, म्हणजे बिल एक लाख वीस हजारांचे. कापड, गुंड्या आणि दोरा एका गणवेशाला दोनशे चाळीस, म्हणजे बहात्तर हजार. शिवणारीची मजुरी शंभर, म्हणजे तीस हजार. वीज आणि वाहतूक वीस, म्हणजे सहा हजार. एकूण खर्च एक लाख आठ हजार. गटाला उरले बारा हजार. ठीक आहे, काही वाईट नाही.

पण कापडाचे बहात्तर हजार गटाने आणले कुठून? बँकेचे कर्ज वेळेवर झाले नाही, म्हणून गावातल्याच एकाकडून महिना तीन टक्क्यांनी उचलले. महिन्याला व्याज झाले दोन हजार एकशे साठ. बिल दीड महिन्यात मिळाले तर व्याज तीन हजार दोनशे चाळीस, आणि गटाला आठ हजार सातशे साठ राहतात. बिल चार महिन्यांनी मिळाले तर व्याज आठ हजार सहाशे चाळीस, आणि राहतात तीन हजार तीनशे साठ. सहा महिने लागले तर नफा संपून गट खिशातले भरतो. आणि या सगळ्या काळात शिवणारीची मजुरी थकलेलीच असते. माल तोच, शिवण तीच, भाव तोच. फक्त बिलावर सही व्हायला उशीर झाला.

असा एक गट मी डोळ्यांनी पाहिला. बारा बायकांचा. काम एका मोठ्या कंपनीचे होते. तिचे नाव मी घेणार नाही, कारण तो दोष एकीचाच आहे असे मला वाटत नाही. बिल पाच महिने फिरत राहिले. कधी साहेब रजेवर, कधी एक शिक्का कमी, कधी नवे वर्ष सुरू झाले म्हणून जुना कागद पुन्हा. गटाची अध्यक्ष दर आठवड्याला एक दिवसाचा रोज बुडवून चौकशीला जाई. पैसे आले, पूर्ण आले. पण तोवर चार बायका गट सोडून गेल्या होत्या आणि उरलेल्यांनी पुढच्या मागणीला नकार दिला. कंपनीच्या अहवालात त्या गटाची नोंद 'लाभार्थी' अशीच असणार.

यावरही कायदा आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे करारातल्या मुदतीत, आणि काही झाले तरी पंचेचाळीस दिवसांत द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर मुदत पंधरा दिवसांची. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ होणारे व्याज द्यावे लागते. तक्रार ऐकायला सुविधा परिषद आहे. हा कायदा फार चांगला आहे. पण बारा बायकांचा गट मोठ्या कंपनीकडे व्याज मागेल का? मागितले तर पुढची मागणी जाईल, ही भीती त्यांच्या मनात असते, आणि ती अगदीच खोटी नाही. कायदा घरात आहे, पण त्याची किल्ली वरच्या फळीवर ठेवली आहे, असे झाले. ती किल्ली काढून द्यायला कोणीतरी उंच माणूस पाहिजे.

भगिनींनो, आणखी एक धोका आहे आणि तो या सर्वांहून मोठा आहे. खाण संपते. शेत दरवर्षी पिकते, खाण एकदाच पिकते. आपल्या कोळसा पट्ट्यातल्या जुन्या भूमिगत खाणी एकामागून एक बंद होत आल्या आहेत. ज्या बाईचा सारा धंदा खाणीच्या एका फाटकावर टेकला आहे, तिने त्या दिवशी काय करायचे?

गोव्यातल्या आपल्या माणसांना हे विचारा. डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांत खनिजाच्या ट्रकांवर, बार्जांवर, गॅरेजांवर आणि खानावळींवर कितीतरी घरे उभी होती. २०१२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आधी सरकारने आणि मग सर्वोच्च न्यायालयाने तिथले खाणकाम थांबवले. मधे काही काळ ते सुरू झाले आणि २०१८ च्या मार्चमध्ये ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाल्याने पुन्हा थांबले. खाणींनी पर्यावरणाचे केलेले नुकसान खरे होते, नियम मोडले हेही खरे होते. पण कर्ज काढून ट्रक घेतलेल्याचा आणि त्या ट्रकवाल्यांना जेवू घालणाऱ्या बाईचा त्यात काय दोष? ट्रक अंगणात उभे राहिले आणि हप्ते मात्र चालत राहिले. आता लिलावानंतर काही खाणी पुन्हा सुरू झाल्या आहेत, पण मधली वर्षे कोणी परत देत नाही. कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणी शंभराहून अधिक वर्षे चालून २००१ साली बंद झाल्या. तिथली माणसे आज पहाटेची गाडी पकडून बंगळुरूला कामाला जातात.

दक्षिण आफ्रिकेत खाणींचा व्याप फार मोठा. तिथल्या अँग्लो अमेरिकन या कंपनीने १९८९ साली लहान उद्योगांसाठी एक योजना काढली. तिचे नाव ठेवले 'झिमेले'. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ आपल्या पायांवर उभे राहणे. लहान उद्योगाला कर्ज आणि थोडे भागभांडवल द्यायचे, सल्ला द्यायचा आणि पुढे आपण बाजूला व्हायचे, अशी तिची कल्पना. तिथे सर्व आलबेल झाले असे मी म्हणत नाही. पण नाव मात्र मला आवडले. मदतीची कसोटी त्या नावात आहे. खाण हे पहिले गिऱ्हाईक असावे, एकटे असू नये. गणवेश शिवणाऱ्या गटाने दोन वर्षांत तालुक्यातल्या शाळांचे गणवेश धरावेत. उपाहारगृहाला मसाला देणाऱ्या गटाने भिवापुरी मिरचीचे तिखट नागपूरच्या घरांत पोचवावे. तुमसर-मोहाडीकडचा कोसा तर खाणीच्याही आधीपासून नावाजलेला आहे. खाणीचा पैसा हा विरजणासारखा वापरावा. थोडा घालावा, दही आपले लागावे.

कंपन्यांना नावे ठेवण्यासाठी मी उभी नाही, आणि त्यांची स्तुती करण्यासाठीही नाही. त्यांच्यात मनापासून काम करणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांना मी चारच गोष्टी मागेन. शिकवण्याआधी खरेदीची यादी दाखवा. मागणीबरोबर कापडापुरते आगाऊ पैसे द्या, किंवा कापडच द्या. बायकांच्या गटाचे बिल वेगळ्या फाइलीत ठेवा आणि पंचेचाळीस दिवस मोजा. आणि वार्षिक अहवालात किती यंत्रे वाटली हे लिहू नका, दोन वर्षांनी किती यंत्रे चालू आहेत ते लिहा.

आता आपल्या मंडळाकडे येते. सुरुवातीला मी म्हटले होते की खाणी गावात आहेत आणि त्यांचे कागद आपल्या शेजारी. मनसरच्या किंवा उमरेडच्या बाईला काटोल रोडला यायचे तर तिचा एक रोज जातो. आपल्याला रिक्षा करून दहा मिनिटे लागतात. सेमिनरी हिल्सला लघु उद्योगांचे केंद्र सरकारी कार्यालय आहे, तेही आपल्याच गावात. आपल्यात निवृत्त शिक्षिका आहेत, कारकून आहेत, एक-दोघी हिशेबतपासनीस आहेत. संगणक चालवणाऱ्या सुना तर घरोघरी आहेत. मघाशी ज्या उंच माणसाबद्दल बोलले, ते आपणच होऊ शकतो. मी तीन सूचना मांडते. कार्यकारिणीने त्यांचा विचार करावा.

पहिली सूचना. महिन्यातून एक शनिवार मंडळाच्या खोलीत 'कागदांचा दिवस' ठेवावा. माविम आणि उमेद यांच्या माध्यमातून गावोगावी गट आहेतच. त्यांना कळवावे की उद्यम नोंदणी, जेमवरची माहिती, बिलाचे स्मरणपत्र ही कामे इथे विनामूल्य होतील. नोंदणी माल देण्याआधी करून घ्यावी, हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगावे. बिल थकले तर पंचेचाळिसाव्या दिवशी मंडळाच्या मदतीने एक सभ्य पत्र जावे. एकट्या बाईच्या अर्जापेक्षा अशा पत्राला उत्तर लवकर येते, असा माझा अनुभव आहे.

दुसरी सूचना. दिवाळीत आपण फराळ, पणत्या, चादरी, पिशव्या घेतोच. यंदा त्यातल्या काही वस्तू खाणपट्ट्यातल्या दोन गटांकडून घ्याव्यात. दयेपोटी घेऊ नयेत. नमुना मागवावा, चाखावा, धुऊन पाहावा, आणि चांगला नसेल तर तसे तोंडावर सांगावे. गोड बोलून पुन्हा न घेणारे गिऱ्हाईक हे उद्योगाचे सर्वांत मोठे नुकसान करते. पण माल पसंत पडला की निम्मे पैसे मागणीबरोबर द्यावेत आणि उरलेले माल हाती आल्याच्या दिवशी. कंपन्यांना आपण जे सांगतो, ते आधी आपण पाळावे. 'पुढच्या भिशीला देते' ही आपली सवय बिलाच्या फाइलीहून वेगळी नाही.

तिसरी सूचना. पुढच्या वर्धापनदिनाला या गटांतल्या दोन बायकांना इथे बोलवावे आणि त्यांना बोलू द्यावे. मी सांगितलेले ऐकीव आहे, त्यांचे भोगलेले आहे. त्या कदाचित माझ्यासारख्या सन आणि कलमे सांगणार नाहीत. पण बिलाची वाट पाहत काढलेला चौथा महिना कसा असतो, ते त्यांच्याइतके नेमके कोणी सांगणार नाही.

आपल्या मंडळाने आजवर पुष्कळ कामे केली. ती बहुतेक आपल्या गल्लीपुरती होती, आणि त्यात काही कमीपणा नाही. पण ज्या जमिनीतून निघालेल्या कोळशाची वीज आपल्या दिव्यात येते आणि ज्या खनिजाचे पोलाद आपल्या घराच्या छतात आहे, त्या जमिनीवर राहणाऱ्या बायकांना एक अर्ज भरून देणे, एवढे काम आपल्या आवाक्यातले आहे. यंत्रावरची चादर काढायला फार मोठी योजना लागत नाही. एक मागणी लागते आणि वेळेवर दिलेले पैसे लागतात.

 'कागदांच्या दिवसा'साठी नावे देऊ इच्छिणाऱ्या भगिनींनी चिटणीसबाईंकडे वहीत आजच नोंद करावी. पहिले नाव मी लिहून ठेवले आहे.